राखण्याचं नाव

यंत्रावर माझा राग नाही, असं मी पूर्वी सभांमधून सांगत असे. सभ्य माणसांना ते ऐकायला बरं वाटतं. आता सांगत नाही. माझा त्या यंत्रावर राग आहे, ते गावोगाव वाटत फिरणाऱ्यांवर राग आहे आणि त्याच्यापुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या माझ्या सख्ख्या भावावर तर फारच राग आहे.

मी शैलजा रणनवरे. तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. लग्न केलं नाही, त्यामुळे माहेर तुटायचं काही कारण पडलं नाही. दर आठवड्याला एसटीनं खरोलीला जायचे, दादाच्या घरी जेवायचे, त्याच्याशी भांडायचे आणि परत यायचे. माणदेशातलं आमचं हे गाव कुठल्याही पुस्तकात नाही. मी तीस वर्षं शोधून पाहिलं, तेव्हा खात्रीनं सांगते. गावाच्या वेशीबाहेर एका चबुतऱ्यावर कमरेएवढा दगड आहे, त्याला राखण्या म्हणतात. तेल आणि शेंदूर यांची इतकी पुटं त्याच्यावर चढली होती, की आत काय कोरलंय ते हयात माणसांपैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. तो कुणाचा, कुठल्या काळातला, कशासाठी मेला, कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

विचारत नव्हते, कारण तो सगळ्यांचा होता. खरोलीत कुठल्याही घरात माणूस गेलं, की दहाव्याला पुरुष नदीवरून परतल्यावर त्या घरातली बाई चबुतऱ्यावर चढते. दोन बोटं शेंदूर लावते आणि दगडाला तोंड लावून गेलेल्याचं नाव सांगते. मग म्हणते, "ह्यांना सांभाळ." बस एवढंच. जात विचारायची नाही, घर विचारायचं नाही. माझी आई गेली तेव्हा मीही ते केलं. इतिहासाची डॉक्टरेट गळ्यात असताना केलं आणि मला त्यात काहीही चुकीचं वाटलं नाही.

मग 'शिळावेध' आलं.

त्यातलं विज्ञान खोटं नाही, हे आधीच सांगून टाकते. हातात धरायचं, टॉर्चएवढं उपकरण. त्यातून निघणाऱ्या टेराहर्ट्झ लहरी कापड, तेल, शेंदूर यांच्या आरपार जातात आणि दगडावर आपटून परत येतात. परत यायला किती वेळ लागला त्यावरून आतल्या कोरीवकामाचा उंचसखलपणा कळतो. कवच न फोडता आतलं चित्र पडद्यावर दिसतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही नाचावंसं वाटलं होतं. भानगड पुढे आहे. ते चित्र मोठ्या संगणकाकडे जातं. त्याच्या पोटात राज्यभरातले वाचून काढलेले मोडी कागद, शिलालेख, जुनी गॅझेटियरं, घराण्यांच्या वंशावळी असं सगळं भरलेलं. चित्राची त्या ढिगाशी सांगड घालून तो सांगतो, की हा दगड अमुक माणसाचा असण्याची शक्यता इतके टक्के. आणि मग त्या माणसाला उभा करतो. फोन दगडासमोर धरायचा, की दगडातून वीर बाहेर येतो, मिशीवर ताव देतो आणि टीव्ही मालिकेतल्या सरदारासारखं बोलतो.

'गावगाथा' नावाच्या मोहिमेखाली गतश्री कंपनीची माणसं खरोलीत आली. स्कॅन केलं. पडद्यावर एक धूसर, चार पायांचं जनावर, त्याच्यालगत एक मनुष्याकृती, वर चंद्र आणि सूर्य. यंत्रानं निकाल दिला: वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराची शिळा. घोडेस्वार आणि त्याच्या पायाशी पडलेला शत्रू. नाव, सिदोजी रणनवरे. शक्यता बासष्ट टक्के.

दादानं त्याच दुपारी मला फोन केला.

"शैला, ऐकलंस का? राखण्या आपला निघाला. आपला मूळपुरुष."

"बासष्ट टक्के म्हणजे काय, माहीत आहे का तुला?"

"पास झाला की," दादा म्हणाला.

माझा भाऊ हणमंत रणनवरे तसा वाईट माणूस नाही. गावचा सरपंच होता, आता त्याची सून सरपंच आहे आणि सह्या तोच करतो. त्याला आयुष्यभर एकच गोष्ट डाचत होती. शेजारच्या गावांतल्या भावक्यांना एकेक पराक्रमी पूर्वज होता आणि आम्हाला कुणीच नव्हतं. आता मिळाला, तोही बोलणारा.

मी तालुक्याला कंपनीचं केंद्र होतं तिथे गेले. सारंग गद्रे नावाचा एक गोड बोलणारा मुलगा तिथला प्रमुख होता. त्याला मी विचारलं, की हे नाव कुठून आलं?

"मॅडम, या परिसरातले जुने कागद पाहिले तर रणनवरे आडनाव सर्वांत जास्त वेळा येतं," त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. "आणि एका यादीत सिदोजी हे नाव आहे."

"अहो, रणनवऱ्यांकडे पाटीलकी होती म्हणून त्यांचे कागद उरले. ज्यांच्याकडे वतन नव्हतं, त्यांच्या नावाचा कागद कोण करणार? लढाईत मरायला काय कागद लागतो?"

"तो मुद्दा आहेच. म्हणून तर आपण शंभर टक्के म्हणत नाही."

"मग लिहा ना, की माहीत नाही."

तो खरोखरच ओशाळला. "तसा पर्याय नाहीये. नाव भरल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. लोकांना नाव हवं असतं, मॅडम."

तीस वर्षं मी वर्गात मुलांना सांगत आले, की पुरावा नसेल तिथे गप्प बसायचं. त्या वाक्याला त्यांच्या नोंदीत चौकटच नव्हती.

दोन महिन्यांनी आकडा एक्याऐंशी झाला. नवा कागद सापडला नव्हता, नवं उत्खनन झालं नव्हतं. झालं इतकंच होतं, की आमच्या भावकीतल्या पोरांनी सिदोजीचे व्हिडिओ टाकले, कुणी पोवाडा रचला, कुणी त्याच्या नावानं स्पर्धा भरवल्या, दोन दैनिकांनी लेख छापले. यंत्र ते सगळं वाचत होतं आणि पुरावा म्हणून पोटात ठेवत होतं. आपणच सोडलेली अफवा फिरून आली, की ती साक्ष समजायची, असा हा प्रकार. दिवाळीपर्यंत आकडा शहाण्णववर गेला आणि दादानं राखण्याला लोखंडी जाळी घालून कुलूप लावलं. कारण तो आता गावाचा राहिला नव्हता. तो रणनवऱ्यांचा पूर्वज होता आणि त्याचं स्मारक व्हायचं होतं.

स्मारकाच्या मंजुरीला एकच गोष्ट कमी होती. मोहिमेच्या नियमानुसार शेवटी एका माणसाची सही लागते, त्या विषयातल्या पदवीधराची. तिला ते मानवी पडताळणी म्हणतात. दादानं मला चार वेळा सांगितलं. मी चार वेळा नाही म्हटलं. वहिनीनं मला वाढताना भाकरी ताटात टाकायला सुरुवात केली.

त्यातच सुदाम खोमणे गेला.

खोमण्यांचं घर गावची राखण करणारं. पिढ्यान्‌पिढ्या वेशीवर रात्री जागायचं, गुरं सांभाळायची, चोर आला तर पुढं व्हायचं आणि गावात काही हरवलं तर पहिला संशयही आपल्यावरच घ्यायचा, ही त्यांची नोकरी. सुदाम त्यातला शेवटचा. त्याची बायको गजरा माझ्याच वयाची. लहानपणी आम्ही एकत्र बोरं वेचली आहेत. ती मला शैलाताई म्हणते आणि अहो-जाहो करते. मी कितीदा सांगितलं तरी ऐकत नाही.

मी भेटायला गेले तेव्हा ती अंगणात बसली होती. रडून झालं होतं.

"तुमच्या दादांना इचारून बघितलं," ती म्हणाली. "म्हणले, जाळीच्या बाहेरनं पाया पड. दगडाला हात लावायचा न्हाई. आमच्या पूर्वजाला कुणीबी शिवायचं नसतं म्हणले."

"शिवायचं, असं म्हणाला?"

"तसंच म्हणले."

मी तडक दादाच्या घरी गेले. तो ओसरीवर बसून फोनमध्ये सिदोजीचं नवं भाषण ऐकत होता. मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"लाज वाटते का तुला? सुदामनं तुझ्या पोरीच्या लग्नात आठ दिवस मांडवाची राखण केली."

"मी काय त्याला मारलं का?" दादा म्हणाला. "दहावा करू नको म्हणलो का मी तिला? भावकीचं ठरलंय, शैला. आता ते काय गावजत्रेचं ठिकाण न्हाई. उद्या कुणी म्हणालं आमचाबी हक्क हाय, तर मंजुरी अडकंल."

"आईच्या वेळी मी हात लावला तेव्हा चाललं?"

"तू रणनवऱ्यांची हायस."

"मला तेव्हा माहीत नव्हतं, की तो रणनवऱ्यांचा आहे. तुलाही नव्हतं."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू सही कर. सही झाली की मंजुरी झाली, मग भावकीला भ्या न्हाई. कुलूप मी स्वतः काढतो. गजरीला मोकळ्या हातानं लावू दे शेंदूर. तुझा शब्द, माझा शब्द."

मला त्याचा इतका राग आला, की तिथून उठून एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. वाटेत मी स्वतःला पुष्कळ सुनावलं. सही केली तर खोट्याला खरं म्हटल्यासारखं होतं. नाही केली तर माझं सोवळं शाबूत राहील आणि सुदाम खोमणे कुणाच्या हवाली न होता जाईल. ज्ञानाची चाड बाळगायची, पण ती गजराच्या जिवावर, हे मला पटेना. शिवाय मनात एक आगाऊ विचारही होता. म्हटलं, आकडा शहाण्णव आहेच. माझ्या सहीनं असं काय मोठं बिघडणार?

मी स्टँडवरच्या बाकावर बसून फोनवर अंगठा टेकवला. 'सिदोजी रणनवरे, वीरगळ. मी प्रमाणित करते.' आकडा नव्व्याण्णव झाला आणि पडद्यावर माझ्या नावाखाली हिरवी रेघ उमटली.

दहाव्याच्या दिवशी मी सकाळी खरोलीला पोहोचले तर वेशीवर मांडव. ढोलताशे, फेटे बांधलेली पोरं, वर ड्रोन. दादानं कुलूप काढलं होतं, शब्द पाळला होता. पण मंजुरी मिळताच कंपनीनं दुसरं काम हाती घेतलं होतं, त्याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. कवच उतरवायचं काम. पांढरे अंगरखे घातलेली चार माणसं छिन्नी आणि गरम हवेचा पंप घेऊन शेंदराचे पापुद्रे सोडवत होती. तळहाताएवढी ढलपी निघायची, ती निळ्या पिशवीत जायची. एकावर एक असंख्य थर, फिके, गडद, काळपट. प्रत्येक थर म्हणजे एक माणूस. माझी आईसुद्धा त्यातल्याच कुठल्यातरी पिशवीत गेली.

"हे जपून ठेवणार आहात ना?" मी सारंगला विचारलं.

"नाही मॅडम, यात शिसं असतं. धोकादायक कचरा. सकाळपासून दोन खेपा भट्टीकडे गेल्यासुद्धा."

गजरा गर्दीच्या कडेला उभी होती. हातात वाटी, वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. तिच्याबरोबर तिच्या घरच्या चार बायका. पुरुष नुकतेच नदीवरून घरी परतले होते.

शेवटचा पापुद्रा निघाला आणि ढोल आपोआप थांबले.

वर चंद्र-सूर्य होते. मध्ये चार-पाच ओळी अक्षरं, झिजून गेलेली. आणि खाली कोरलेलं जनावर घोडा नव्हतं. लांब कान, आखूड मान. ते गाढव होतं. आणि त्याच्याखाली जी होती, ती शत्रू नव्हती. ती बाई होती.

पुढे जे सांगायचं ते सांगताना मला आजही संकोच वाटत नाही, कारण कोरणाऱ्यालाही वाटला नव्हता. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. जुन्या काळी राजानं कुणाला जमीन दान दिली, की हद्दीवर असा दगड रोवत. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान टिको, आणि जो कुणी ते मोडून बळकावील त्याच्या आईची गाढव अशी अशी विटंबना करील, हा त्याचा अर्थ. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र. यंत्राला वाचता येत होतं, पण शेंदराच्या जाड थरातून ते कान त्याला दिसले नव्हते. आणि जिथे रणनवरे नावाची माणसं आहेत तिथे घोडाच असणार, हे त्यानं कागदांवरून आधीच ठरवलं होतं.

म्हाताऱ्यांना चित्र कळलं. त्यांनी माना खाली घातल्या. पोरांना कळलं नाही, त्यांनी फोन पुढे केले आणि गाढवातून सिदोजी बाहेर आला, मिशीवर ताव दिला आणि बोलू लागला. कुणीतरी हसलं.

दादाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तो सारंगवर ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "हे काय हाय?"

सारंग फोनवर भराभर बोटं फिरवत होता. मी पुढे झाले. "गधेगाळ आहे. वीरगळ नाही. सिदोजीचा याच्याशी संबंध नाही. नोंद रद्द करा."

"मॅडम, मानवी पडताळणी झालेली नोंद यंत्राला रद्द करता येत नाही," तो म्हणाला. "आणि पडताळणी तुमचीच आहे."

"मग माझी सही मागे घेते."

त्यानं पडदा माझ्यापुढे धरला. 'पडताळणी मागे घेण्यासाठी वीराचे बरोबर नाव भरा.'

मी काही बोलायच्या आतच, फोनांतून उघडा दगड पाहिलेल्या यंत्रानं विसंगतीचा उलगडा केला. सारंगच्या फोनवर तो आला, दादाच्या फोनवर आला, सगळ्यांच्याच फोनवर आला. नोंद पक्की आहे, म्हणजे वीरगळ इथे होता. समोरचा दगड वीरगळ नाही. अर्थात मूळ शिळा इथून हलवली गेली आहे. कोण हलवू शकतं? जागेची राखण खोमणे घराण्याकडे. त्या नावाचे जुने कागद आहेत का? होते. मानाचे नव्हते, वतनाचे नव्हते. इंग्रजांच्या काळात गावात चोरी झाली, की खोमण्यांच्या पुरुषांना चौकीवर हजेरी द्यावी लागे, तेवढेच कागद. यंत्रानं ते चोरीच्या नोंदी म्हणून वाचले. संशयित, खोमणे. शक्यता अठ्ठ्याऐंशी टक्के.

मी ओरडून सांगितलं, की अरे, त्या शेंदराचे थर बघा, दीड-दोनशे वर्षं हा दगड हललेला नाही, ते थरच सांगतील. आणि सांगता सांगताच मला आठवलं, की थर भट्टीत गेले.

दादा गजराकडे वळला. त्याची सुटका झाली होती, हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. पूर्वज परत मिळाला होता, नुसता चोरीला गेला होता.

"गजरे," तो म्हणाला, "सुदामनं दगड कुठं ठेवलाय?"

गर्दी बाजूला झाली. गजरा तशीच पुढे आली, चबुतऱ्याच्या पायऱ्या चढली. पांढऱ्या अंगरख्यातला एक जण तिला अडवायला गेला, तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्या माणसाचा दहावा हाय," ती दादाला म्हणाली. "तेवढं हुंद्या. मग चोर म्हणा."

तिनं दोन बोटं वाटीत बुडवली, उघड्या दगडावर ओढली आणि वाकून सुदामचं नाव सांगितलं. भोवतीचे सगळे फोन ते चित्रित करत होते. ते दृश्य त्या दिवशी राज्यभर लाखो लोकांनी पाहिलं, खाली मजकूर होता, 'चोरी उघडकीस आल्यावरही निर्लज्जपणा.'

पुरातन वस्तूच्या चोरीची फिर्याद दुसऱ्याच दिवशी दाखल झाली. फिर्यादी हणमंत रणनवरे. मूळ शिळा अस्तित्वात होती हे सिद्ध करणारी तज्ज्ञ, डॉ. शैलजा रणनवरे. चौकीत मी लेखी निवेदन दिलं, की माझी सही चुकीची होती, मला दगडाबद्दल काहीही माहीत नाही. फौजदारानं ते वाचलं आणि सभ्यपणे विचारलं, की बाई, माहीत नव्हतं तर सही कशी केली? मी म्हटलं, भावाच्या सांगण्यावरून. तो म्हणाला, मग आता कुणाच्या सांगण्यावरून नाकारताय? दादाशी तेव्हापासून मी बोललेले नाही, आणि बोलणारही नाही.

गजरा बाहेरच्या बाकावर बसून होती. चौकशीसाठी तिला रोज बोलावत होते. सकाळी यायचं, बसायचं, नाव घेतील तेव्हा आत जायचं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"तुमी सही का केली, शैलाताई?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं. "दादा कुलूप काढेना. तुला शेंदूर लावता यावा म्हणून केली."

तिनं पदरानं तोंड पुसलं. तिच्या नखांत अजून शेंदूर होता.

"मला इचारलं का न्हाई? म्या म्हणले असते, नको. जाळीतनं हाक मारली असती त्यांच्या नावानं, राखण्याला काय ऐकू आलं नसतं?" ती म्हणाली. "तुमी शिकलेल्या. तुमच्या मनात आलं आन् तुमी करून मोकळ्या झाला."

मी म्हटलं, "गजरा, मी कोर्टात सांगीन. कुठंही येऊन सांगीन."

"सांगा," ती म्हणाली.

आतून हवालदारानं खोमणे म्हणून हाक दिली, आणि ती उठून आत गेली.